मोठा मासा बोटीला लागला, आता आत कसा घ्यायचा? हार्पूनबद्दल वाचकांची पत्रं

गेल्या अंकात कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या गळाच्या मासेमारीवर लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की पन्नास किलोच्या आसपासचा मासा आत घ्यायला साधा गॅफ, म्हणजे आकडा लावलेला दांडा, पुरत नाही, हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, लागतो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. आपल्याकडं समुद्र नाही, पण चोर्ला घाट उतरलं की गोवा आणि आंबोली उतरलं की वेंगुर्ला-मालवण, त्यामुळं बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे बोटीवर असतात हे मला माहीत आहे. पत्रं थोडी कापून घेतलीत, नावं छापत नाही.

प्रश्न : सर, आम्ही चौघं मित्र गोव्यात बोट भाड्यानं घेऊन जातो. मागच्या सीझनला चांगला मोठा कुपा बोटीच्या कडेला आणला, गॅफ मारला, मासा गरकन फिरला, गॅफ हातातून निसटला आणि तंगूस पण तुटली. आता हार्पून घ्यायचा विचार करूलो. ऑनलाईन बघितलं तर आठ फुटी, दहा फुटी, बारा फुटी काठ्या आहेत, कुठली घेऊ? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

काठी सगळ्यात शेवटी ठरवा भावा. सगळे काठीच बघतात कारण फोटोत तीच दिसते, पण मासा धरून ठेवतो तो पुढचा डार्ट, म्हणजे सुटं होणारं टोक, आणि त्याला बांधलेला दोर, काठीचं काम डार्ट माशात पोचवला की संपलं. गॅफमध्ये आकडा आणि दांडा एकमेकांना पक्के असतात, त्यामुळं मासा फिरला की दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर तुमचं मनगट. हार्पूनमध्ये डार्ट काठीच्या टोकावर नुसता बसवलेला असतो, आत घुसला की काठी बाहेर येते, डार्ट आतच राहतो आणि दोराला ओढ बसली की कातडीच्या पलीकडं आडवा होतो, शर्टाचं बटण काजातून जाऊन आडवं बसतं तसं. मग मासा कितीही फिरला तरी तो दोराभोवती फिरतो, तुमच्या हातात फिरणारं काही नसतं.

आता आधी हे बघा की तुम्हाला हार्पून खरंच लागतो का. सुरमई, मोडसा, वीस-तीस किलोपर्यंतचा कुपा, याला एक चांगला गॅफ आणि शांत डोकं पुरतं. त्याच्या वर गेलं की दोन गॅफ, दोन माणसं. पंचेचाळीस-पन्नास किलोच्या पुढं मी हार्पून किंवा फ्लाइंग गॅफ काढा म्हणेन. फ्लाइंग गॅफचा आकडा पण मारल्यावर दांड्यापासून सुटतो आणि दोरावर राहतो, पण तो मारायला मासा अगदी काठाला चिकटून यायला लागतो आणि कुप्याचा मोठा त्रास हाच की शेवटी तो बोटीखाली गोल गोल फिरत राहतो, चार-पाच फूट खोल दिसतो आणि वर काही येत नाही. तिथं लांब काठीचा हार्पून कामाला येतो, कारण त्याला खालून वर ओढायचं नाही, सरळ खाली ढकलायचं आहे. पिवळ्या पराचा कुपा किती मोठा होतो म्हणाल तर गळावरचा जागतिक रेकॉर्ड १९३ किलोच्या वर आहे, २०१२ साली मेक्सिकोच्या समुद्रात धरलेला, आणि अटलांटिकमधला ब्लूफिन तर ६७९ किलोचा, १९७९ सालचा, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला. आपल्या भाड्याच्या बोटींना एवढे मासे लागत नाहीत, पण सामान बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्या माशांसाठी बनवतात, त्यामुळं कॅटलॉगमधलं सगळ्यात जाड, सगळ्यात जड घ्यायची काही गरज नाही.

डार्ट ब्राँझचा किंवा स्टेनलेसचा घ्या. टोक धारदार पाहिजे, भोक मध्यभागी नको तर थोडं मागं आणि एका बाजूला पाहिजे, म्हणजे ओढल्यावर तो आडवा होतो. दुकानात असाल तर दोर ओवून बोटावर ओढून बघा, डार्ट लगेच आडवा झाला पाहिजे, सरळच राहत असेल तर तो आत गेला तसाच परत बाहेर येणार. डार्टपासून पहिले दीड-दोन फूट स्टेनलेसची वायर किंवा खूप जाड तंगूस असावी कारण तिथं माशाची हाडं आणि कल्ल्याची कड घासते, पुढं दोर. दोर आठ ते दहा मिलिमीटरचा नायलॉन, लांबी पंधरा मीटरपर्यंत. डायनीमासारखा बारीक दोर ताकदीला भारी आहे हे खरं, पण तो हातात धरता येत नाही, ओढ बसली की तळहात कापतो, आणि नायलॉन थोडा ताणतो त्यामुळं माशाचा झटका त्यात जिरतो. दोराचं दुसरं टोक बोटीच्या खुंट्याला किंवा मोठ्या हवेच्या बोयाला, म्हणजे तरंगणाऱ्या फुग्याला. छोट्या फायबरच्या होडीवर असाल तर बोयाच बरा, मासा बोया ओढत फिरू दे, दमू दे, होडीची एक बाजू खाली दाबली जाणार नाही.

आणि आता काठी. तुमच्या बोटीचा काठ पाण्यापासून किती वर आहे ते बघा. कमी उंचीच्या होडीला आठ फूट भरपूर, केबिनवाल्या उंच बोटीला दहा किंवा बारा. दोन तुकड्यांत उघडणारी अ‍ॅल्युमिनियमची किंवा फायबरग्लासची घ्या, गाडीत मावते. ज्याच्या हातात द्यायची त्याला ती पाण्याबाहेर सरळ आडवी धरून दोन मिनिटं उभं राहता येतं का बघा, हात थरथरायला लागला तर ती त्याच्यासाठी नाही.

वापरताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे फेकू नका. सिनेमात फेकतात तसं फेकलं की निम्म्या वेळा तो मुख्य तंगुशीवर पडतो आणि मासा त्यानंच सुटतो. काठी हातात धरूनच मासा काठीच्या टप्प्यात येऊ द्या, आडवा दिसू द्या, आणि डोक्यामागं, कल्ल्याच्या वरच्या अंगाला जोरात ढकला, आरपार जाऊ दे. पोटात मारू नका, पोटाचं मांस मऊ, फाटून डार्ट सुटतो आणि मांस पण वाया जातं. शेपटीकडं तर नाहीच. डार्ट गेल्या गेल्या रॉडवाल्यानं रीळचा ब्रेक ढिला करायचा कारण मासा एकदा जीव खाऊन पळणार, त्यावेळी रीळ घट्ट असेल तर तंगूस तुटते. मासा दोरावर आला की मग गॅफ, मग शेपटीला फास, आणि मगच आत. आणि हे सगळं होताना तांडेलनं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, बोट अगदी हळू पुढं ठेवायची म्हणजे मासा पंख्याकडं जात नाही, हे निघायच्या आधीच त्याच्याशी बोलून घ्या, मासा लागल्यावर सगळेच ओरडतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बाहेरून मागवलेले डार्ट महाग पडतात म्हणून स्वतःच बनवायचे ठरवलंय. ३०४ स्टेनलेस पडून आहे, चालेल का? डिझाइनमध्ये काय बघू? (एक वाचक, टिळकवाडी)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, बेळगावात फाउंड्री आणि लेथवर काम करणारे एवढे हात असताना डार्टसारखी वस्तू परदेशातून मागवायची म्हणजे वाईटच. ३०४ गोड्या पाण्याला ठीक आहे पण समुद्राच्या मिठानं त्याला बारीक खड्डे पडतात, एका सीझननंतर टोकाजवळ तपकिरी ठिपके दिसायला लागतील. ३१६ घ्या, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळंच ते मिठाला जास्त टिकतं. वेल्डिंग करणार असाल तर ३१६ एल. एक गोष्ट मात्र आहे, ३१६ ला हीट ट्रीटमेंटनं कडकपणा येत नाही, त्यामुळं डार्टला चालतं पण ज्या दांड्यावर डार्ट बसतो तो पुढचा धातूचा दांडा बारीक ठेवला तर मासा वळल्यावर वाकतो. एक तर तो जाड ठेवा किंवा १७-४ पीएच स्टेनलेस वापरा, ते कडक करता येतं. ४२० स्टेनलेस कडक होतं, धार पण छान धरतं, पण गंजतं, त्यामुळं समुद्रासाठी नको.

दांडा स्टेनलेस आणि काठी अ‍ॅल्युमिनियम असेल तर जोडावर मिठाचं पाणी बसून अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात चिकटून असले की असं होणारच. मध्ये नायलॉनचं बुश घाला आणि घरी आल्यावर काठी उघडून गोड्या पाण्यानं धुवा.

डिझाइनचं म्हणाल तर थोडा इतिहास सांगतो, कारण तुम्ही ज्या कामाला हात घालताय ते मुळात एका लोहाराचं काम आहे. १८४८ च्या सुमाराला अमेरिकेत न्यू बेडफर्ड या व्हेल मारणाऱ्यांच्या बंदरात लुईस टेंपल नावाचा कृष्णवर्णीय लोहार होता. तोपर्यंतच्या हार्पूनला दोन पक्के काटे असायचे आणि ते ओढ बसली की मांस फाडून बाहेर यायचे. टेंपलनं टोक खिळीवर फिरतं केलं, लाकडाच्या छोट्या पिननं ते आत जाईपर्यंत सरळ धरलेलं, आणि ओढ बसली की पिन तुटून टोक आडवं. व्हेलच्या शिकारीचा सगळा धंदा त्याच टोकावर चालायला लागला, पण त्यानं पेटंट घेतलं नव्हतं, बाकीच्या लोहारांनी भराभर नकला केल्या आणि पैसे त्यांनी कमावले. तसं बघितलं तर आर्क्टिकमधले लोक हाडाची आणि वॉलरसच्या सुळ्याची आडवी होणारी टोकं त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून वापरत होते. तात्पर्य तुमच्या कामापुरतं एवढंच की ताकद काट्यात नाही, आडवं होण्यात आहे, त्यामुळं डार्टला मोठमोठे काटे काढत बसू नका, ते आत जाताना अडतात.

भोक पाडल्यावर दोन्ही बाजूनं चेंफर करून, म्हणजे कड तिरकी घासून, पॉलिश करा. घरगुती बनवलेल्या डार्टमध्ये घोटाळा बहुतेक इथंच होतो, भोकाची कड धारदार राहते आणि वायर किंवा दोर तिथंच कापला जातो. डार्टच्या मागचं सॉकेट टेपर ठेवा आणि फिट सैल ठेवा. तुम्ही लेथवाले लोक, तुम्हाला टाइट फिट आवडतं, पण इथं टाइट फिट म्हणजे काठी मागं ओढताना डार्ट पण बाहेर. दोर काठीच्या बाजूनं ताणून रबर बँडनं अडकवला की तेवढ्या ताणावर डार्ट जागेवर राहतो. बनवून झालं की समुद्रावर न्यायच्या आधी जुन्या टायरच्या ट्यूबचे दोन-तीन थर खोक्यावर ताणून त्यात मारून बघा, आणि दोराला चेन ब्लॉक लावून ओढा, काय वाकतं, काय कापतं ते वर्कशॉपमध्येच कळू दे.

प्रश्न : माझे मिस्टर आणि मुलगा दोघं जातात. मुलगा सतरा वर्षाचा आहे. हार्पून घरात आणला तेव्हापासून मला झोप लागत नाही. हे किती धोक्याचं आहे ते स्पष्ट सांगा. (एक वाचक भगिनी, खानापूर)

ताई, स्पष्टच सांगतो. भीती टोकाची वाटते पण माणूस जायबंदी होतो तो दोरानं. मासा पळायला लागला की डेकवर सांडलेला दोर वळशावळशानं उडत जातो आणि त्या वळशात पाय असेल तर माणूस खेचला जातो, हाताचं बोट असेल तर ते तुटून जातं. म्हणून घरी पुढच्या गोष्टींवर अडून बसा, ऐकणार नाहीत तर पाठवू नका. दोर डेकवर कधीच मोकळा नाही, बादलीत किंवा उघड्या टबात वरून खाली गोल गोल सोडलेला आणि बादली पायापासून लांब. हाताला गुंडाळायचा नाही, एक वेढा पण नाही. खुंट्याजवळ कातडी म्यानात धारदार सुरी टांगलेली, जी दोर कापायलाच आहे, कांदा कापायला नाही. हातमोजे पाहिजेत, पण सैल नकोत. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. आणि डार्टच्या टोकाला जाड रबरी नळीचा तुकडा घालून ठेवायचा, तो मासा बाजूला दिसल्यावरच काढायचा. घरी आणि गाडीत डार्ट काठीपासून वेगळा, डब्यात बंद.

मुलगा सतराचा असला तरी त्याच्या हातात रॉड देऊ दे, हार्पून मोठ्या माणसाच्याच हातात राहावा असं माझं मत आहे. ताकद त्याच्यात असेलच, पण त्या क्षणाला थांबायला लागतं, मासा वाकडा आला तर मारायचं नाही, परत एक गोल फिरू द्यायचं, आणि तेवढं थांबणं त्या वयात जड जातं. आणि बोटीवर हार्पून मारणारा एकच माणूस, ते निघायच्या आधी ठरलेलं. तुमच्या मिस्टरांना हे पत्र-उत्तर वाचायला द्या ही विनंती.

प्रश्न : हिडकल डॅममध्ये आणि दूधगंगा-वेदगंगेला मोठे कटले, खडस मिळतात. त्यांना हार्पून वापरला तर? (एक वाचक, निपाणी)

नको. पंधरा-वीस किलोचा कटला सुद्धा मोठ्या जाळीच्या झेल्यात आरामात येतो. खडस तर मी म्हणेन फोटो काढून पाण्यातच सोडा, आपल्या नद्यांत तो पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि मोठी मादीच जास्त अंडी देते. डॅमवर मासेमारीची लीज ज्याच्याकडं असेल त्याला विचारल्याशिवाय काहीच टाकू नका.

प्रश्न : हार्पूननं घेतलेला मासा रेकॉर्डला किंवा स्पर्धेला चालतो का? आणि कायद्याचं काय? (एक कॉलेज विद्यार्थी, बेळगाव)

रेकॉर्डला चालत नाही. आयजीएफए म्हणजे गळाच्या मासेमारीचे रेकॉर्ड ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या नियमात माशाला कुठल्याही टप्प्यावर हार्पून किंवा भाला लावला की तो बाद. गॅफ चालतो, लांबी आठ फुटांपर्यंत, म्हणजे २.४४ मीटर, आणि फ्लाइंग गॅफचा दोर तीस फुटांपर्यंत. बऱ्याच स्पर्धा हेच नियम घेतात, त्यामुळं स्पर्धेचं ध्येय असेल तर पैसे फ्लाइंग गॅफमध्ये घाला.

कायद्याचं नीट वाचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत त्या त्या राज्याचा कायदा, कर्नाटकाचा १९८६ चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, गोव्याचा १९८० चा. म्हणजे कारवारची परवानगी वेंगुर्ल्याला चालेल असं धरून चालू नका. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत जो कोण नेतो म्हणेल त्याच्याबरोबर जाऊ नका, समुद्र पण त्या दिवसांत माणसाचा नसतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथं हार्पून पिशवीतून बाहेर काढायचाच नाही. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, करवत मासा आणि मुशी-पाकटाच्या कितीतरी जाती पण, आणि बोटीवरून वरून बघताना कुठली मुशी संरक्षित आणि कुठली नाही हे ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळं माझा साधा नियम, मुशीला आणि पाकटाला हार्पून नाही, गळाला लागली तर तंगूस कापून सोडायची. पाठीवर पाल असलेला तलवार मासा पण सोडा, त्याला घरी आणून विशेष काही खायला मिळत नाही आणि पाण्यातून उडी मारताना जो दिसतो तो बघणं जास्त मोलाचं आहे. ज्याला सोडायचं आहे त्याला डार्ट लावायचा नाही हे सांगायला नको, डार्ट लागलेला मासा जगत नाही.

प्रश्न : हार्पूननं घेतलेला कुपा गोव्याहून चिकोडीपर्यंत आणला तर मांस तपकिरी झालेलं आणि घरात दोघांना खाल्ल्यावर अंग लाल होऊन खाज सुटली, डोकं दुखलं. हार्पूनमुळं असं होतं का? (एक वाचक, चिकोडी)

हार्पूनमुळं नाही, बर्फ कमी पडला. कुप्याचं अंग आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि तासभर झुंजल्यावर आणखी तापतं, त्यामुळं मांस आतून बिघडायला लागतं. उलट हार्पूननं झुंज लवकर संपली तर मांस चांगलंच राहतं. अंग लाल होणं, खाज, डोकेदुखी ही लक्षणं बघता हिस्टॅमिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखी लक्षणं आणणाऱ्या रसायनाचा, त्रास वाटतो. कुपा, बांगडा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर, मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टॅमिन करतात, आणि एकदा ते झालं की कितीही उकळा, तळा, जात नाही. वास पण येईलच असं नाही. पुन्हा असं झालं तर लगेच डॉक्टरकडं जा, श्वासाला त्रास होत असेल तर एक मिनिट पण थांबू नका.

मासा आत आला की आधी डोक्यात घाव घालून शांत करा, तडफडू देऊ नका, ते त्याच्यासाठी पण बरं आणि मांसासाठी पण. मग छातीच्या पराच्या मागं दोन्ही बाजूला चीर देऊन रक्त जाऊ द्या, कल्ले आणि आतडी काढा, आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून त्या काल्यात अख्खा बुडवा, नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा त्यात फार लवकर गार होतो कारण पाणी सगळीकडनं चिकटतं. माशाच्या वजनाएवढा तरी बर्फ धरा. चिकोडीपर्यंतचा रस्ता घाट धरून चांगला लांब आहे, मध्ये फोंड्याला किंवा बेळगावात थांबून पाणी काढून बर्फ भरा, आणि डिकीत उन्हाच्या बाजूला खोका ठेवू नका. बर्फाचं पहाटे बोटीवर चढायच्या आधीच जेटीवर सांगून ठेवा, रविवारी दुपारी परत आल्यावर मिळेलच असं नाही.